निळे ठिपके आणि पालथं ताट

ओतूरच्या पेठेत भंवरलालशेठचं भांड्यांचं दुकान आणि दुकानाच्या मागे घर. दुकान शेठचं आणि घर सज्जनबाईंचं, ही वाटणी लग्नापासूनची. एकमेकांच्या हद्दीत दोघंही पाय ठेवत नसत. त्यामुळे संसार सुरळीत चालला होता आणि पुढे जो घोळ झाला तोही त्यामुळेच झाला.

सज्जनबाईंच्या स्वयंपाकघरात दारामागे एक कॅलेंडर टांगलेलं असे, खताच्या दुकानातून फुकट आलेलं. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडर आल्याची तारीख, अष्टमी-चतुर्दशीच्या खुणा आणि मधूनच निळ्या शाईचा एक बारीक ठिपका. ठिपका म्हणजे त्या दिवशी घरातली बाई बाहेर बसली. ही पद्धत सासूबाईंची. त्या वेळी घरात चार बायका होत्या. कोण कधी पडवीत बसणार याचा अंदाज नसेल तर एखाद्या दिवशी चुलीपाशी कोणीच उरायचं नाही, म्हणून सासूबाईंनी प्रत्येकीचा ठिपका ठेवायला सुरुवात केली. भंवरलालशेठना तीस वर्षं तो दुधाचाच खाडा वाटत आला होता. बायको महिन्यातून चार दिवस मागच्या पडवीत चटईवर का बसते, तिचं ताट-वाटी-तांब्या वेगळं का, हे त्यांना कळत होतं. पण असल्या गोष्टीचं नाव तोंडातून काढणं हा त्यांच्या लेखी निर्लज्जपणा होता.

सज्जनबाई राजस्थानातल्या पालीकडच्या. अठराव्या वर्षी ओतूरला आल्या त्या इथल्याच झाल्या. बोली इथली, कांद्याचा भाव तोंडपाठ, आणि भाजीवाल्याशी भांडताना तर त्यांच्यापेक्षा अस्सल ओतूरकरीण सापडणं कठीण. स्वभावानं कडक. दिवस मावळला की घरात कोणाच्या पोटात अन्नाचा कण जायचा नाही आणि बाहेर बसलेल्या बाईची सावली चुलीवर पडायची नाही. हे चूक की बरोबर असला प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. पुढे सासूबाई गेल्या, जावा पुण्याला वेगळ्या झाल्या, दोन हजार तीन साली सज्जनबाईंचे स्वतःचे ठिपकेही थांबले. कॅलेंडरवर उरली एकटी सिद्धी.

सिद्धी ही त्यांची एकुलती एक मुलगी. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि दुपारी कॉलेजातून आली की दुकानात भांड्यांवर नावं घालायला बसायची. नाव घालायचं मशीन हातात धरलं की घुर्रघुर्र करायचं. लग्नसराईत ‘सप्रेम भेट’ लिहून लिहून तिचा हात इतका वळणदार झाला होता की उदापूर-डिंगोऱ्याची गिऱ्हाइकं ‘ताईच्याच हातचं नाव पायजे’ म्हणून खोळंबायची.

एक दिवस एका गिऱ्हाइकाच्या घागरीवर तिनं त्याचं नाव न घालता स्वतःचंच घातलं. सगळे हसले. आठवड्यानं ती दुकानातलं एकेक भांडं पालथं करून बूड बघायला लागली. मग घरातली भांडी. मग ताटात वाढलेलं अन्न खाली सांडून ताटाचं बूड. “सगळ्यांच्या बुडाला माझं नाव कोरलंय,” ती म्हणायची. “मशीन रात्री आपोआप चालतं. माझं नाव घेतं. लोक वाचतात आणि हसतात.” जेवणं सोडलं, झोप सोडली, दोन महिन्यांत हाडं वर आली.

सज्जनबाईंनी दृष्ट काढली, जैन स्थानकात नेऊन महाराजसाहेबांकडून मांगलिकाचा पाठ ऐकवला. शेवटी शेठनी कोणालातरी विचारून सिद्धीला घेऊन नारायणगाव गाठलं. तिथे दर गुरुवारी पुण्याहून मनाचे डॉक्टर यायचे. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं ते शेठनी बिलाच्या कागदामागे लिहून आणलं, स्किझोफ्रेनिया. डॉक्टरांनी एक पांढरी गोळी लिहून दिली. रोज संध्याकाळी एक. सज्जनबाई ती दिवस मावळायच्या आत स्वतःच्या हातानं द्यायच्या. ही गोष्ट दोन हजार चारच्या जानेवारीतली.

गोळीनं काम केलं, हे मान्य करायला हवं. महिन्याभरात मशीन गप्प झालं. सिद्धी जेवायला लागली, झोपायला लागली, आणि मार्चमध्ये एकदा आपणहून हसली. सज्जनबाई न्हाणीघरात जाऊन रडल्या. पोरीला भूकही अशी लागायची की चार पोळ्यांवर थांबायची नाही. सज्जनबाई तूप सोडत राहिल्या आणि सिद्धी अंगानं भरत गेली. जुने ड्रेस उसवावे लागले. भांडी घासायला येणारी साळुबाई म्हणाली, “बाई, पोरीची तब्येत लई सुधारली बगा.” पेठेतही सगळे तेच म्हणायचे. वजन वाढलं म्हणजे दुखणं गेलं, एवढं साधं गणित सज्जनबाईंनाही पटलं होतं.

जूनमध्ये सिलिंडरची तारीख लिहायला त्या कॅलेंडरपाशी गेल्या आणि पेन हातातच राहिलं. शेवटचा ठिपका मार्चच्या सातला होता. एप्रिल कोरा. मे कोरा.

पहिला विचार आला तो असा की पोरगी लपवते. बाहेर बसायचं टाळते आणि तशीच स्वयंपाकघरात वावरते. या विचारानं त्यांना इतका राग आला की कणीक मळता मळता त्यांनी विचारलं, “सिद्धी, तू बाहेर का बसत न्हाई?”

“आलीच नाही मम्मी.”

“तीन महिनं?”

“नाही आली.” सिद्धी शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

खरं बोलते की खोटं? सज्जनबाईंना कळेना. आजारपणात ती खोटं बोलायची नाही, उलट नको इतकं खरं बोलायची. अशक्तपणा म्हणावा तर पोरगी तीन माणसांचं जेवत होती. त्यांनी तिला खजूर चारले, तीळगूळ चारला. जुलैही कोरा गेला.

आणि एका सकाळी साळुबाईनं धुवायला घेतलेला सिद्धीचा कुर्ता त्यांच्यासमोर धरला. छातीच्या जागी दोन कडक डाग होते. साळुबाई चार लेकरांची आई. ती हळूच म्हणाली, “बाई, ह्ये दुधाचं डाग हायेत.”

सज्जनबाईंनी कुर्ता घडी करून पदराखाली घेतला. साळुबाईला गप्प राहायची शपथ घालून त्या पाटावर बसल्या. पोरगी आजारी होती, शुद्धीत नव्हती, त्या दोन महिन्यांत कोणी... पण ते तर डिसेंबरातलं. मार्चमध्ये ठिपका आहे! नंतर ती एकटी कुठे गेली? कुठेच नाही. दुकान आणि घर. बोटांवर महिने मोजून मोजून त्यांचं डोकं बधिर झालं. सिद्धीला विचारायची हिंमत होईना. विचारलं आणि तिला पुन्हा ते मशीन ऐकू यायला लागलं तर? नवऱ्याला सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मावशीला भेटायचं निमित्त करून त्या सिद्धीला घेऊन एसटीत बसल्या. नारायणगावला उतरल्या नाहीत, कारण तिथे अर्धी पेठ शेठना ओळखते. मुद्दाम मंचरला गेल्या. एका बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे नाव खोटं सांगितलं, आडनाव खोटं सांगितलं, आणि कोणती औषधं चालू आहेत असं विचारल्यावर “कोन्तीच न्हाई” असंही सांगून मोकळ्या झाल्या. वेडाच्या गोळ्या घेते म्हटलं तर पोरीचं लग्न व्हायचं कसं?

लघवी तपासली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काही नाहीये. दिवस गेलेले नाहीत. पण दूध का येतंय ते शोधायला हवं, रक्त तपासू या.” सज्जनबाईंनी ‘दिवस गेलेले नाहीत’ एवढंच ऐकलं आणि पोरीचा हात धरून बाहेर पडल्या.

बाहेर हायवेवर कांद्याच्या ट्रकांची रांग लागली होती. रस्ता ओलांडता येईना, म्हणून दोघी रसवंतीच्या बाकावर बसल्या. सिद्धीनं विचारलं, “मम्मी, तुला काय वाटलं होतं?”

सज्जनबाईंनी तोंड ट्रकांकडे फिरवलं. त्यांना लाज वाटली. आणि सुटका झाल्यावर माणसाला जो नवा घोर लागतो तोही लागला. पोर नाही, तरी दूध आहे. पाळी नाही, तरी दुखणं नाही. पोरगी शहाणी झाली आणि तिचं अंग वेडं झालं, हा काय प्रकार म्हणायचा? ओतूर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या आणि घरी पोचताच कॅलेंडरपुढे उभ्या राहिल्या. जानेवारीत एके ठिकाणी त्यांनीच बारीक अक्षरात लिहिलं होतं: गोळी सुरू. त्याखालून बोट फिरवत त्या मार्चपर्यंत आल्या. कोणी शिकवलं नव्हतं, तरी बाईंनी बरोबर ओळखलं. हे गोळीचंच काम.

इथवर त्यांची अक्कल शाबूत होती. पुढे त्यांनी जे केलं ते ऐकून कोणीही कपाळाला हात लावेल. त्यांनी गोळी बंद केली. सिद्धीला म्हणाल्या, “डॉक्टर म्हनले आता नको.” सिद्धीचा आईवर विश्वास होता. शेठ महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणून देत राहिले आणि सज्जनबाई रोज संध्याकाळी एक गोळी पाकिटातून काढून हळदीच्या जुन्या डबीत टाकत राहिल्या. फेकवत नव्हती. देववत नव्हती. रोज डबी बंद करताना त्या स्वतःला बजावायच्या, एकदा ठिपका येऊ दे, मग बघू.

एकेचाळिसाव्या दिवशी सिद्धी सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबली. “मम्मी, मी बाहेर बसते.”

सज्जनबाईंनी कॅलेंडरवर ठिपका दिला तो इतका दाबून की कागदाला भोक पडलं. सणासारखी गोड लापशी केली. शेठनी विचारलं, “आज काय हाय?” तर म्हणाल्या, “काय न्हाई, सहज.” दुधाचे डागही थांबले होते. पडवीत चटई टाकली, वेगळं ताट-वाटी-तांब्या काढून दिला. त्या चार दिवसांत सज्जनबाईंइतकी सुखी बाई जुन्नर तालुक्यात नसावी.

चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन आत यायचं, ही रीत. सिद्धी आली नाही. “अजून आहे,” म्हणाली. सज्जनबाईंना वाटलं, इतक्या महिन्यांचं तुंबलेलं, वेळ लागायचाच. पाचवा दिवस, सहावा दिवस. पोरगी जागची हलत नव्हती, कोणाला शिवत नव्हती, बोलत नव्हती. सज्जनबाईंना उलट कौतुक वाटलं, आजकालच्या पोरी बाहेर बसायला नाकं मुरडतात, आपली मात्र किती पाळते! जेवण झालं की ताट स्वतः विसळायचं आणि पडवीच्या कडेला पालथं घालायचं, हीही रीतच. सिद्धीचं ताट नेहमी पालथं असायचं. दिवसातून केव्हाही बघा, पालथं. त्या लांबूनच बघायच्या आणि समाधानानं मागे फिरायच्या. जवळ जायचं नाही, हा नियम त्यांचाच होता.

नवव्या दिवशी सकाळी साळुबाई खरकट्या हातानं आत आली. “बाई, पोरगी जेवत न्हाई. दोन दिसाचं अन्न चटईखाली हाय. आन् ती ताटाच्या बुडाशी बोलती वं.”

सज्जनबाई धावल्या. पडवीची पायरी त्यांनी कधी ओलांडली ते त्यांनाच कळलं नाही. सिद्धी पालथं ताट मांडीवर घेऊन नखानं बूड खरवडत होती. नखातून रक्त आलं होतं. सज्जनबाईंनी तिचे दोन्ही हात धरले.

“मम्मी, तू पण?” सिद्धी म्हणाली. “तुझ्याच हातानं आणून दिलंस ना हे? तुझ्याच हातानं. नाव आहे याच्यावर.”

योगानं तो गुरुवारच होता. शेठनी दुकान उघडंच टाकलं आणि जीप केली. सज्जनबाईंनी निघताना दोन वस्तू पिशवीत घातल्या: हळदीची डबी आणि भिंतीवरून ओढून काढलेलं कॅलेंडर. का घेतल्या असं विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

नारायणगावच्या त्या लहानशा खोलीत डॉक्टरांनी आधी सिद्धीला इंजेक्शन देऊन शेजारच्या खाटेवर निजवलं. मग विचारलं, “गोळी नियमित चालू होती ना?”

“एक दिवस चुकली न्हाई, सायेब,” शेठ म्हणाले.

सज्जनबाईंनी डबी टेबलावर उपडी केली. पिवळ्या पडलेल्या अठ्ठेचाळीस गोळ्या टेबलभर घरंगळल्या. शेठ बायकोकडे बघतच राहिले.

“मी बंद केली,” त्या म्हणाल्या. “माजी पोरगी बाई म्हनून ऱ्हायली नव्हती सायेब. पाळी न्हाई. अंगाला दूध. मी काय करायचं व्हतं?” आणि नवऱ्यादेखत, परक्या पुरुषासमोर, त्यांनी कॅलेंडर उघडून ठिपक्यांवर बोट ठेवलं.

डॉक्टरांनी कॅलेंडर जवळ ओढलं. जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत पान पान उलटत गेले. “गोळी सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी बंद. गोळी थांबवल्यावर एकेचाळीस दिवसांनी सुरू,” ते म्हणाले. “इतका स्पष्ट हिशेब मला आजवर कोणी दाखवला नव्हता.” मग त्यांनी समजावलं. डोक्यातले आवाज थांबवणारी ही गोळी मेंदूतला एक पहारेकरी निजवते. त्याच पहारेकऱ्यानं दूध आणणाऱ्या हार्मोनला अडवून धरलेलं असतं. पहारेकरी निजला की ते हार्मोन मोकाट वाढतं, अंगाला वाटतं बाळ आहे, म्हणून दूध येतं आणि पाळी थांबते. “आणि वजन किती वाढलं?”

“चौदा किलो,” शेठ अभिमानानं म्हणाले.

“ती तब्येत नाही शेठजी. तोही गोळीचाच परिणाम. आज रक्तातली साखर तपासायची, कंबर मोजायची.” डॉक्टरांनी सिद्धीचा केसपेपर उघडला. “पण पाळीचं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लांबली तर लगेच कळवा, घाबरू नका, गोळी बदलता येते. नंतर दोनदा विचारलंही. तुम्ही म्हणालात, सगळं ठीक आहे.”

सज्जनबाई सावकाश नवऱ्याकडे वळल्या.

भंवरलालशेठ टेबलावरच्या गोळ्या एकेक करून डबीत भरत होते. कान लाल झाले होते. “सांगितलं व्हतं यांनी,” ते खाली बघत म्हणाले. “घरी येईस्तोवर घोकत आलो. तुज्यापुढं उभा ऱ्हायलो तर... कसं बोलायचं? पोरीबद्दल? बापानं?”

“आन् मी तिला मंचरला नेऊन तपासून आले,” सज्जनबाई म्हणाल्या. “पोटच्या पोरीवर संशय घेतला. तुमच्या एका न बोललेल्या शब्दापायी.”

राग कोणावर काढावा तेच त्यांना समजेना. नवऱ्यावर काढावा तर गोळ्या त्यांनी स्वतःच थांबवल्या होत्या. डॉक्टरांवर काढावा तर त्यांनी सांगितलं होतं. आणि तो शब्द नवऱ्याच्या तोंडून यावा अशी अपेक्षा तरी कशी करायची? तो शब्द या घरात बोलायचा नाही, त्याचा फक्त ठिपका द्यायचा, ही शिस्त त्यांनीच तर तीस वर्षं चालवली होती. त्यांनी पदर तोंडाला लावला. शेठनी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बायकोच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढूनही घेतला.

गोळी बदलली. नवी महाग होती आणि तिचा गुण यायला वेळ लागला. दिवाळी कशी आली आणि गेली ते घरात कोणाला कळलं नाही. साखर काठावर निघाली, म्हणून तूप बंद झालं. रोज सकाळी शेठ सिद्धीला घेऊन मांडवी नदीच्या पुलापर्यंत चालायला जाऊ लागले. वजन चार किलो उतरलं, बाकीचं चिकटून बसलं ते बसलंच. साळुबाई म्हणाली, “पोरगी वाळली वं.” यावर हसावं की रडावं हे सज्जनबाईंना ठरवता आलं नाही. जानेवारीत मशीन पुन्हा गप्प झालं. निदान सिद्धी तसं म्हणाली. कॅलेंडर नवीन आलं. आता त्यावर ठिपक्यासोबत वजनही लिहिलं जायचं, आणि ते शेठ लिहायचे.

फेब्रुवारीत एका सकाळी सिद्धी उंबऱ्याबाहेर थांबली. “मम्मी, मी बाहेर बसते.” सवयीनं ती पडवीकडे वळलीसुद्धा.

“कुटं न्हाई जायचं,” सज्जनबाई ओरडल्याच. “इतं बस. माज्यासमोर.”

“अगं, पण...”

“पण न्हाई न् काय न्हाई. पडवीतलं मला दिसत न्हाई.”

कोणी म्हणेल बाई सुधारली. तसलं काही नव्हतं. पाप लागेल याची त्यांना पुरेपूर खात्री होती, आणि चार दिवस चुलीला हात लावताना त्या पुटपुटत क्षमा मागत राहिल्या. पण पाप परवडलं, पडवी नको, एवढं त्यांना ठाम कळलं होतं. बाकी कशाचंच त्यांना धड कळत नव्हतं: ही नवी गोळी किती दिवस, पुढे लग्नाचं काय, पोरगी हसते ती आतून हसते का.

सिद्धी उंबऱ्यापाशी बसून जेवली. दोन पोळ्या, भाजी, ताक. मोरीत गेली, ताट विसळलं, आणि ओट्याच्या कडेला पालथं घातलं.

सज्जनबाईंचा हात पोळपाटावर थांबला. पोळी तव्यावर करपायला लागली तरी त्यांची नजर त्या ताटाच्या बुडावरून हलेना.

सिद्धीनं आईकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि ओले हात ओढणीला पुसत म्हणाली, “नाव नाही बघत गं मम्मी. पाणी निथळायला ठेवलंय.”